ग्रीन कार्ड आहे, सासऱ्यांसाठी दीड वर्ष तासगावला राहायचंय. कार्ड टिकेल का?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही टेक्ससला असतो. नवऱ्याच्या नोकरीवरून तीन वर्षांपूर्वी आमची ग्रीन कार्डं झाली. मुलगी आठवीत आहे. सासर तासगावजवळ, घरची द्राक्षबाग आहे. गेल्या महिन्यात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही नीट समजत नाही. मिरजेच्या दवाखान्यातून आता घरी आणलंय. सासूबाईंचे गुडघे असे आहेत की त्यांना एकटीला सासऱ्यांना उठवणं-बसवणं शक्य नाही. नवरा बातमी कळल्या कळल्या गेला, त्याची रजा संपत आलीय. नणंद पुण्यात असते, पण तिच्या मुलाची बारावी आहे. ती म्हणते, परीक्षा झाली की मी वडिलांना पुण्याला नेते.

तोवर कुणीतरी तिथं हवं, आणि ते मी आहे. मी इथे एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा आणि मुलगी इथेच राहणार, तिची शाळा बुडवायची नाही. सगळं मिळून सव्वा ते दीड वर्ष धरून चाललेय.

इथल्या महाराष्ट्र मंडळात विचारलं तर जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो सहा महिन्यांत एकदा येऊन जा, बस. दुसरा म्हणतो वर्षापर्यंत काही होत नाही. एका काकूंनी तर सांगितलं की पाच वर्षांत दोन वर्षं भरली की झालं. खरं काय? अजून निघालेले नाही, तिकीटही काढलेलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे आत्ता काही करण्यासारखं असेल तर करता येईल.

मिरज_जंक्शन
ताई, सासऱ्यांना लवकर आराम पडो.
कार्डाचं म्हणाल तर एवढं घाबरायचं काम नाही. आमचे मामा कित्येक वर्षं असंच करतायत. सहा महिने पुरे व्हायच्या आत जातात, लेकाकडे पंधरा दिवस राहतात, नातवंडांना भेटतात, परत येतात. कुणी विचारलं नाही की काही नाही.

चिंचणी_ते_टोरांटो
पाच वर्षांत दोन वर्षं हा नियम कॅनडाचा आहे, अमेरिकेचा नाही! आमच्याकडे पाच वर्षांत ७३० दिवस भरावे लागतात, ते सलग असायची गरज नाही. त्या काकूंचं कुणीतरी इकडे असणार. अमेरिकेत असा दिवसांचा सरळ हिशेब असता तर तुमचा प्रश्नच उरला नसता.

कागदपत्र
मी एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते, वकील नाही. त्यामुळे हे वाचून एकदा वकिलाशी बोलाच. पण मिरज_जंक्शन यांच्या मामांचं उदाहरण आम्ही रोज ऐकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या कायद्यात "सहा महिन्यांतून एकदा या, कार्ड टिकेल" असं कुठेही लिहिलेलं नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात की परत येताना ऑफिसर तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारी व्यक्ती धरू शकतो आणि बारकाईने चौकशी करू शकतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आणि वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड प्रवेशासाठी चालत नाही, हा दुसरा आकडा. या दोन्हींच्या आत राहूनही कार्ड जाऊ शकतं. प्रश्न असतो तो एकच: तुमचं घर कुठे आहे? अमेरिकेत राहून भारताला भेट देताय, की भारतात राहून अमेरिकेला?

यावर १९७५ चा एक जुना निकाल आहे, मॅटर ऑफ केन. जमैकाची एक बाई. वर्षाकाठी महिनाभर अमेरिकेत यायची, उरलेला सगळा काळ जमैकात, तिथे तिचा लोकांना खोल्या भाड्याने द्यायचा धंदा होता. दरवर्षी येत होती, तरी अपील बोर्डाने सांगितलं की हिने कायमचं वास्तव्य सोडलेलं आहे. पाहुण्यानं चहा पिऊन जावं तसं येऊन गेल्यानं घर होत नाही. मामांना आजवर कुणी विचारलं नाही, ते त्यांचं नशीब.

त्याच निकालात "तात्पुरती भेट" कशाला म्हणायचं हेही आलंय. बाहेरचा मुक्काम थोड्या, ठरलेल्या काळाचा हवा. काळ ठरलेला नसेल तर तो एखाद्या अशा घटनेशी बांधलेला हवा, जी बऱ्यापैकी लवकर घडेल असं म्हणता येईल. द्राक्षवेल, तुमच्या नणंदेच्या मुलाची बारावी ही नेमकी तशी घटना आहे. "सासरे बरे होईपर्यंत" असं म्हणालात तर त्याला शेवट नाही. "फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, त्यानंतर नणंद वडिलांना नेणार, मग मी परत" याला आहे.

आणि तुम्ही अजून निघालेल्या नाहीत हे फार बरं झालं. रीएंट्री परमिटचा, म्हणजे बराच काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. फॉर्म आय-१३१. अर्ज दाखल होतो त्या दिवशी तुम्ही अमेरिकेच्या भूमीवर असायलाच हव्यात. तासगावला पोचून तो भरता येत नाही, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्येही नाही. नंतर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायलाही अमेरिकेतच जावं लागतं. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. मुदत वाढवून मिळत नाही, पुन्हा हवं तर पुन्हा इथे येऊन नवा अर्ज.

द्राक्षवेल
बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. परमिट हातात यायला किती दिवस? तोवर थांबणं शक्य नाही, नवऱ्याची रजा संपते.

कागदपत्र
परमिट हातात यायला महिनोनमहिने लागतात. त्यासाठी थांबायची गरज नाही. ठसे देऊन झाले की निघा. ठशांची तारीख साधारण काही आठवड्यांत येते, घरात गंभीर आजार असेल तर लवकरची मागता येते, दवाखान्याचं पत्र जोडायचं. ठसे न देता निघालात तर त्यासाठी परत यावं लागेल. तयार झालेलं परमिट मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये पाठवायचा पर्याय फॉर्मवरच असतो. टेक्ससच्या घरी आलं तर नवरा कुरियर करू शकतो. फी २०२४ च्या एप्रिलपासून ६३० डॉलर झाली होती, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर बघून घ्या, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज सरळ परत येतो.

आयर्विन_पूल
रजेवरून एक विचारतो. तुमच्या मिस्टरांना वडिलांसाठी कायद्याने बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते ना? ती सगळी त्यांनी घेतली तर तुमचा मुक्काम तेवढा कमी होईल.

द्राक्षवेल
त्याच रजेतून तो गेलाय. पुढची गंमत ऐका. त्या कायद्यात स्वतःचे आईवडील बसतात, सासू-सासरे बसत नाहीत. म्हणजे सासऱ्यांचं करणार सून, आणि रजेचा हक्क फक्त मुलाला. माझ्या लॅबने माणुसकीनं बिनपगारी रजा दिलीय, लेखी.

कागदपत्र
लेखी आहे? मग त्या पत्राला जपा. कामावर परत घेणार असं नोकरी देणारा लिहून देतोय, यापेक्षा चांगला पुरावा क्वचित मिळतो.

गुरुजी_पलूस
धागा वाचला. आता माझं ऐका, जरा दुसऱ्या बाजूचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. लेक अमेरिकेचा नागरिक, त्यानं आम्हा दोघांची कार्डं काढली. हौसेनं गेलो. हिवाळ्यात खिडकीतून बर्फ बघायचा, उन्हाळ्यात नातवाला बागेत न्यायचं. वर्षभरात दोघंही कंटाळलो. इकडं घर, जमीन, भाऊबंद, किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर संध्याकाळी बसणारी आमची टोळी. तिथं आजारी पडलं की विम्याची पंचाईत. पासष्टीच्या पुढचा मेडिकेअर म्हणतात तो कार्डवाल्याला पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे दाताच्या दुखण्यालाही मिरज गाठायची.

मग दर काही महिन्यांनी कार्ड "जिवंत ठेवायला" विमान पकडायचं. एकदा विमानतळावर ऑफिसरनं बाजूच्या खोलीत बसवलं. सभ्य होता, पण विचारत होता ते बरोबर होतं: "आजोबा, तुम्ही राहता कुठं?" मी खरं काय सांगणार? पलूसला राहतो.

घरी येऊन लेकाशी बोललो आणि आय-४०७ भरून कार्ड सोडून दिलं. मग व्हिजिटर व्हिसाला अर्ज केला, कार्ड स्वतःहून परत केल्याचा कागद दाखवला, दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आता दिवाळीनंतर जातो, नातवाचा वाढदिवस करून येतो. उद्या आम्हा दोघांतलं एकच उरलं आणि तिकडं राहायची वेळ आली तर लेक पुन्हा अर्ज करील. नागरिक मुलाच्या आईवडिलांना व्हिसाची रांग नाही. सगळ्यांनीच कार्डाला कवटाळून बसायची गरज नसते एवढंच म्हणणं.

चिंचणी_ते_टोरांटो
गुरुजी, हे पटलं. पण भावाच्या अर्जावरून ज्यांची कार्डं झालीत त्यांनी हे वाचून सह्या करू नयेत. भावंडांच्या रांगेत भारतातल्या माणसाला पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. ते कार्ड सोडलं की परत त्याच शेपटीला.

कागदपत्र
बरोबर. आणि आय-४०७ बद्दल सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. गुरुजींनी तो विचार करून, घरी बसून भरला. विमानतळावर बावीस तासांच्या प्रवासानंतर कुणी पुढे केला तर सही करायलाच हवी असं नाही. तो फॉर्म स्वेच्छेचा आहे. "मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर माझं म्हणणं मांडायचंय" असं सांगता येतं. तिथे तुम्ही वास्तव्य सोडलंय हे भक्कम पुराव्यानं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते, आणि अंतिम आदेश होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच असता. आईवडील एकटे प्रवास करणार असतील तर त्यांना हे निघण्याआधी मराठीत नीट समजावून सांगा.

द्राक्षवेल, तुमच्याबाबतीत समजा सगळं बिनसलं तरी नवऱ्याचं कार्ड शाबूत असेल. तो तुमच्यासाठी अर्ज करू शकतो, तो नागरिक झाल्यावर तर रांगही राहत नाही. अर्थात त्यात वेळ आणि पैसा जाईल आणि मुलगी तेवढा काळ आईविना राहील. पण जग बुडणार नाही.

हिशेबनीस
सांगलीत सीए आहे, गणपती मंदिराच्या परिसरात ऑफिस. परदेशातल्या मंडळींची बरीच कामं येतात म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी वर कुणी काढली नाही: बाग.

वहिनी, तुम्ही सासऱ्यांचं करायला येताय. पण एप्रिलची खरड छाटणी कोण करवणार? ऑक्टोबरची फळछाटणी? औषध फवारणी, मजुरांच्या टोळीचे पैसे, व्यापाऱ्याशी दर? सासरे अंथरुणावर आहेत, नवरा टेक्ससला. महिनाभरात हे सगळं तुमच्या गळ्यात पडेल, लिहून ठेवा. कागदपत्र यांनी जो जमैकाचा दाखला दिला त्यात त्या बाईचा तिकडे धंदा होता. तो मुद्दा मला तिथंच खटकला.

कागदपत्र
हिशेबनीस, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि अगदी मोक्याचं आहे. घरात जमीन आहे यानं काही बिघडत नाही, लाखो कार्डधारकांच्या नावावर भारतात जमीन आहे. पण "आजारी सासऱ्यांजवळ राहिले" आणि "तिकडे दीड वर्ष द्राक्षशेती केली" या दोन उत्तरांत फार फरक पडतो. दुसऱ्या उत्तरात उपजीविका भारतात आहे.

द्राक्षवेल
खरं सांगायचं तर मनात तोच विचार होता. माझं माहेरही कवलापूरचं, बाग मला नवी नाही. म्हटलं तिथे असेनच तर एक हंगाम बघेन. बेदाण्याचं शेडही आहे.
मग काय, बाग खंडानं, म्हणजे ठरावीक भाड्यानं कसायला द्यायची? चुलत दीर मागतोय. पण सासूबाई म्हणतात, खंडानं दिली की कूळ लागतं, कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसतो.

मिरज_जंक्शन
सासूबाईंचं खरं आहे! भावकीत तर अजिबात देऊ नका. एकदा पीकपाहणीला त्याचं नाव लागलं की जन्मभर तहसीलच्या पायऱ्या.

हिशेबनीस
भीती अगदीच खोटी नाही, पण त्यावर उपाय आहे. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे ना, मग सातबारा आणि ई-पीक पाहणी त्यांच्याच नावानं चालू ठेवायची. चुलत दिराला वाट्यानं करू द्या: खर्च किती कुणाचा, माल किती कुणाचा, एका हंगामापुरतं, आणि हे सांगलीतल्याच एखाद्या महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. सासऱ्यांना सही जमत नसेल तर अंगठा चालतो, पण त्यांना व्यवहार समजतोय हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा. मुखत्यारपत्र करायचंच झालं तर नणंदेच्या नावे करा, तुमच्या नावे नको. तुमचा मुद्दाच असा हवा की माझा इथल्या धंद्याशी संबंध नाही.

आता कर. कार्ड आहे तोवर अमेरिकेच्या दृष्टीनं तुम्ही करासाठी रहिवासी, मग राहा तासगावला नाहीतर चंद्रावर. जगभरचं उत्पन्न दाखवायचं. नवऱ्याबरोबरचं एकत्र रिटर्न नेहमीसारखंच रहिवासी म्हणून भरा. "एक वर्ष तिकडे नव्हतेच" म्हणून अनिवासीचा १०४०-एनआर भरण्याची हुशारी कुणी सुचवली तर ऐकू नका. आपण रहिवासी नाही हे स्वतःच्या सहीनं लिहून दिल्यासारखं होतं, आणि कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून तेच कागद समोर येतात.

शेतीचं उत्पन्न: भारतात त्यावर आयकर नाही म्हणून आपले लोक निर्धास्त असतात. अमेरिकेत अशी सूट नाही. सध्या उत्पन्न सासऱ्यांचं आहे, तुम्हाला काही दाखवायचं नाही. पुढे कधी वारस नोंद होऊन तुमच्या यजमानांचं नाव लागलं की त्यांच्या वाट्याची द्राक्षं, ऊस, हळद सगळं तिकडच्या रिटर्नमध्ये येणार.

सर्वांत फसवी गोष्ट बँकेचं खातं. सासऱ्यांना सही जमत नाही, मग बँकेतला ओळखीचा माणूस सांगतो, "वहिनी, तुमचं नाव जोडून टाकू." जोडलंत की ते खातं तुमचंही झालं. भारतातली सगळी खाती आणि ठेवी मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेल्या तर एफबार नावाचा अहवाल अमेरिकेत द्यावा लागतो. एकत्र खात्याची पूर्ण रक्कम मोजतात, अर्धी नव्हे. जिल्हा बँकेतलं खातं, पतसंस्थेतली ठेव, सगळं त्यात येतं. द्राक्षाचा हंगाम आटोपल्यावर खात्यात किती असतं ते तुम्हाला माहीत आहेच. नुसता अहवाल दिला म्हणून कर लागत नाही, पण तो चुकवला तर दंड जबर असतो. नणंदेचं नाव जोडा.

भारताच्या बाजूनं: आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की तुम्ही इथं रहिवासी. पण मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल तर "रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही" या खान्यात बसता, आणि अमेरिकेतल्या उत्पन्नाला इथं हात लागत नाही. पगारच नाही म्हणताय, त्यामुळे तुम्हाला फारसा फरक नाही.

द्राक्षवेल
हिशेबनीस दादा, बँकेचं तर कालच नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, "आल्यावर तुझं नाव लावून घेऊ." थांबवते.
लॅबचं थोडं काम घरून करू का? रिपोर्ट तपासायचं.

हिशेबनीस
शक्यतो नको. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतात करपात्र होतो. दोन देशांत दोन रिटर्न आणि मग एकीकडे भरलेला कर दुसरीकडे वजा करून घ्यायच्या क्रेडिटचा मेळ, एवढ्याशा पैशासाठी तो व्याप कशाला.

हरिपूरची_लेक
अवांतर विचारू का? मीही कार्डवाली, सातवा महिना चालू आहे. आईचा हट्ट आहे की पहिलं बाळंतपण माहेरीच. हरिपूरला येऊन बाळंत झाले तर बाळाचं काय? त्याला व्हिसा लागेल का? नवराही कार्डवालाच, नागरिक नाही.

कागदपत्र
अवांतर कसलं, याच धाग्यातलं आहे. कार्डधारक आई तात्पुरती परदेशी गेली असताना बाळ झालं, तर बाळाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. अटी अशा: बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत आणायचं, आणि आईवडिलांपैकी जे त्याला घेऊन येतात त्यांचं बाळंतपणानंतरचं ते पहिलंच परतणं असायला हवं. बाळाचा भारतीय पासपोर्ट आणि आईचं नाव असलेला जन्मदाखला लागेल. जन्मदाखल्यावरची नावं तुमच्या पासपोर्टशी अक्षरानं जुळू द्या, नगरपालिकेतच तपासून घ्या. "पहिलंच परतणं" ही अट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. बाळाला आजीकडे ठेवून मध्येच एक चक्कर मारून आलात तर ती सोय गेली. आणि बाळ अमेरिकेतच जन्मलं तर जन्मतःच नागरिक होईल, हे आईला एकदा सांगून बघा.

हरिपूरची_लेक
सांगितलं. ती म्हणते डिंकाचे लाडू कोण करणार.

बेदाणा
मी वेळेत परमिट न काढता अडकलेल्यांपैकी, म्हणून लिहितो. २०२० च्या फेब्रुवारीत आईच्या ऑपरेशनसाठी कवठेमहांकाळला आलो, परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मग अडकलेल्यांसाठी सरकारची वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा आईला कोविड झाला, त्यातून ती उठली तर फुफ्फुसं कामातून गेली होती. एक वर्ष उलटून गेलं. कार्ड खिशात, पण विमान कंपनी बसवून घेईना.

अशांसाठी एसबी-१ नावाचा व्हिसा असतो. डीएस-११७ फॉर्म, १८० डॉलर फी, मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: निघताना कायम रहिवासी होतो, परत जायचा इरादा कधी सोडला नव्हता, आणि उशीर झाला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणानं. माझ्याकडे रद्द झालेलं परतीचं तिकीट होतं, दवाखान्याची तारीखवार कागदं होती, तिकडचं घरभाडं चालू होतं, रिटर्न भरलेलं होतं. व्हिसा मिळाला. पण तिथं रांगेत माझ्यापुढे एक काका होते, त्यांना विचारलं का नाही गेलात, ते म्हणाले, "इथं बरं वाटत होतं." त्यांचं झालं नाही.

पाहुण्यांना सांगणं एवढंच, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपिस्टच्या पावत्या, सगळं जपून ठेवा. मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

आयर्विन_पूल
आणि कागद तळमजल्यावर ठेवू नका! २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागात लोकांची कपाटंच्या कपाटं कृष्णेनं धुऊन नेली. तासगावला पाणी येत नाही म्हणा, पण स्कॅन करून ठेवायला काय जातंय.

मिरज_जंक्शन
मामांना धागा वाचायला दिला. चिडलेत. म्हणे परमिटवाल्यांनाही ऑफिसर अडवू शकतो, मग ६३० डॉलर कशाला घालवायचे?

कागदपत्र
मामांचं अर्धं खरं आहे. परमिट म्हणजे प्रवेशाची हमी नाही. पण परमिटची मुदत चालू असेपर्यंत केवळ इतके दिवस बाहेर होतात एवढ्याच कारणावरून तुम्ही वास्तव्य सोडलं असं ठरवता येत नाही. दिवसांचा मुद्दा निघून जातो, बाकीचे राहतात: घर, नवरा, मुलगी, नोकरीचं पत्र, रिटर्न, चालू असलेलं बँक खातं आणि ड्रायव्हिंग लायसन्स. द्राक्षवेलकडे हे सगळं आहे. मामांकडे काय आहे ते मामांना ठाऊक.

द्राक्षवेल
एक शेवटचं. नागरिकत्वाच्या अर्जाआधी लागणाऱ्या पाच वर्षांतली दोन उरली होती. परमिट असलं की ती पाच वर्षं चालू राहतात ना?

कागदपत्र
नाही, आणि इथे फार लोकांचा गैरसमज असतो. परमिट कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचं घड्याळ वाचवत नाही. सहा महिन्यांच्या वर सलग बाहेर राहिलात तर वास्तव्याचं सातत्य तुटलं असं गृहीत धरतात, पुरावे देऊन ते खोडता येतं. पूर्ण वर्ष झालं की तुटतंच. एन-४७० म्हणून एक अर्ज असतो, पण तो अमेरिकन सरकार, ठरावीक अमेरिकन कंपन्या, संशोधन संस्था किंवा धर्मसंस्थेच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना. सासऱ्यांच्या सेवेला तो लागू नाही.

वर्ष ओलांडून परत आलात तर त्या दिवसापासून चार वर्षं आणि एक दिवस थांबून अर्ज करता येतो, आणि तेव्हाही सहा महिन्यांवरच्या गैरहजेरीचा खुलासा द्यावा लागतो. साडेचार वर्षं थांबलात तर तोही नको. नवऱ्याचं घड्याळ मात्र चालूच राहील, त्याच्यावर याचा परिणाम नाही.

वर्षाच्या आत मध्ये एकदा येऊन गेलात तर निदान आपोआप तुटणं टळेल. मुलीच्या सुट्टीत जमवा. तसंही दीड वर्ष लेकीला न बघता राहणार आहात का?

द्राक्षवेल
नाहीच राहू शकणार. डिसेंबरच्या सुट्टीत नणंद पंधरा दिवस तासगावला येईल म्हणतेय, तेव्हा जाऊन येईन. नागरिकत्व जरा लांबलं तर लांबू दे, आम्हाला मतदानाची घाई नाही.

आज वकिलाशी बोलणं झालं, त्यांनीही जवळपास हेच सांगितलं. आय-१३१ उद्या जातोय. परमिट मुंबई कॉन्सुलेटला मागवायचा विचार होता, पण वकील म्हणाले, नवरा इथे आहेच तर घरच्या पत्त्यावर घ्या. बागेचं चुलत दिराशी बोलणं झालं, तो वाट्याला तयार आहे, फक्त औषधांच्या खर्चावर अडलाय. तो म्हणतो निम्मा, सासूबाई म्हणतात दोन हिस्से त्याचे.

हिशेबनीस
आमच्याकडे तासगाव, मणेराजुरीकडचे जे करार येतात त्यात औषधाचा खर्च निम्मा-निम्माच धरतात. सासूबाईंना म्हणावं, पाऊस लागला की फवारण्या वाढतात, तेव्हा सगळा भार त्याच्यावर टाकलात तर तो हात आखडेल आणि डावण्या, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, घुसेल. करार झाला की मसुदा पाठवा, बघून देतो.